स्फोटक वस्तूंचे पॅकिंग आणि वाहतूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न माल पाठवणाऱ्यांकडून, गोदाम सांभाळणाऱ्यांकडून आणि वाहतूकदारांकडून पुन्हा पुन्हा येतात. उत्तरे आंतरराष्ट्रीय नियमांच्या चौकटीत दिली आहेत. प्रत्येक देशाचा स्वतःचा कायदा त्यावर आणखी अटी घालू शकतो आणि घालतोही, म्हणून तुमच्या देशातील सक्षम प्राधिकाऱ्याचा शब्द अखेरचा मानावा. खोक्यांवर आणि कागदपत्रांवर संकेतांक रोमन अक्षरांत असतात. इथे ते देवनागरीत लिहिले आहेत.

१. ‘स्फोटक द्रव्य’ आणि ‘स्फोटक वस्तू’ यांत फरक काय?

द्रव्य म्हणजे भुकटी, कांडी, जेल अशा रूपातला मूळ पदार्थ. वस्तू म्हणजे एक किंवा अधिक स्फोटक द्रव्ये आत असलेला तयार नग: डेटोनेटर (मुख्य स्फोटकाला सुरू करणारी छोटी नळी), काडतूस, फटाका, संकटसूचक ज्योत, डेटोनेटिंग कॉर्ड (गाभ्यात स्फोटक भुकटी असलेली दोरी). पॅकिंगच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. द्रव्याच्या बाबतीत पहिली काळजी गळती आणि सांडण्याची असते. वस्तूच्या बाबतीत एक नग चुकून पेटला तर शेजारचा पेटेल का, हा प्रश्न सर्वांत आधी येतो. हे पान वस्तूंबद्दल आहे.

२. नेमके कोणते नियम पाळायचे? रस्त्याचे, जहाजाचे, विमानाचे वेगळे असतात का?

पाया एकच आहे: संयुक्त राष्ट्रांचे धोकादायक मालाच्या वाहतुकीचे नमुना नियम. मुखपृष्ठाच्या रंगावरून त्यांना ‘ऑरेंज बुक’ म्हणतात. चाचण्या कशा करायच्या हे त्यांच्या जोडीच्या चाचण्या व निकष पुस्तिकेत असते. या पायावर समुद्रासाठी आयएमडीजी संहिता, हवाई वाहतुकीसाठी आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) तांत्रिक सूचना आणि युरोपातील रस्त्यांसाठी एडीआर उभे आहेत. वर्गीकरण, पॅकिंग सूचना आणि लेबले यांत तिन्ही बऱ्याच अंशी एकसारखे आहेत. कोणता माल कशासोबत ठेवायचा आणि किती न्यायचा यात मात्र ते वेगळे होतात. नमुना नियम दर दोन वर्षांनी सुधारले जातात, त्यामुळे कपाटातली जुनी प्रत पाहून पॅकिंग ठरवू नका.

३. १.१ जी, १.४ एस असे लिहिलेले असते. त्यातला आकडा काय सांगतो आणि अक्षर काय सांगते?

धोकादायक मालात स्फोटके वर्ग १ मध्ये येतात. आकडा म्हणजे त्यातला उपवर्ग. काही बिघडले तर काय होईल हे तो सांगतो. १.१ म्हणजे जवळजवळ सगळा साठा एकदम उडण्याचा धोका. १.२ मध्ये तुकडे दूर फेकले जाण्याचा धोका असतो, पण सामूहिक स्फोटाचा नाही. १.३ मध्ये मुख्य धोका आगीचा, त्यासोबत थोडा दाब किंवा थोडी फेक. १.४ मध्ये परिणाम बहुतांशी खोक्यापुरता राहतो. १.५ ही सामूहिक स्फोट होऊ शकणारी, पण सहजी न उडणारी द्रव्ये आहेत. १.६ मध्ये अत्यंत असंवेदनशील वस्तू येतात, ज्यांत सामूहिक स्फोटाचा धोका नसतो.

अक्षर म्हणजे सुसंगती गट. वस्तू कशा जातीची आहे आणि ती कोणासोबत ठेवता येईल हे त्यावरून कळते. अशी १३ अक्षरे आहेत. नेहमी भेटणारी म्हणजे बी (डेटोनेटर), सी (प्रणोदक, म्हणजे गोळी किंवा रॉकेट ढकलणारी दारू), डी (सुरू करणारे साधन सोबत नसलेली मुख्य स्फोटके), जी (आतषबाजी आणि तत्सम) आणि एस. एस गटातील वस्तूचा धोकादायक परिणाम खोक्याच्या आतच राहतो. आगीने खोका जळून कमजोर झाला तरी दाब आणि फेक इतकी मर्यादित असते की जवळ जाऊन आग विझवणाऱ्यांना त्याचा मोठा अडथळा होत नाही.

४. आमच्या डेटोनेटरसाठी तीन-तीन यूएन क्रमांक दिसतात: ००२९, ०२६७, ०४५५. वस्तू एकच, मग क्रमांक तीन कसे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. यूएन क्रमांक म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीतला चार अंकी क्रमांक. वर्गीकरण नुसत्या वस्तूचे होत नाही, पॅक केलेल्या वस्तूचे होते. बिनविजेच्या डेटोनेटरचे हे तिन्ही क्रमांक आहेत: ००२९ म्हणजे १.१ बी, ०२६७ म्हणजे १.४ बी, ०४५५ म्हणजे १.४ एस. डेटोनेटर दाटीवाटीने एकमेकांना चिकटून ठेवले आणि एक उडाला, तर बाकीचेही त्याच क्षणी उडतात. म्हणून तो १.१. त्यांच्यात पुरेसे अंतर, आडपडदे किंवा विशिष्ट मांडणी असेल आणि स्फोट एका नगाकडून दुसऱ्याकडे जात नसेल, तर तेच नग १.४ मध्ये येऊ शकतात.

हे चाचणी मालिका ६ वरून ठरते. ६(अ) मध्ये एका खोक्याच्या आतला एक नग मुद्दाम उडवतात. ६(ब) मध्ये खोक्यांची थप्पी घेऊन त्यातला एक उडवतात. ६(क) मध्ये खोके आगीवर ठेवतात आणि तुकडे, ज्वाळा, दाब किती दूर जातात ते पाहतात. या चाचणीत ४ मीटरवर आघाताच्या खुणा टिपणारे ॲल्युमिनियमचे पत्रे उभे केलेले असतात. ०४५५ सारख्या काही १.४ एस नोंदींसाठी ६(ड) ही जास्तीची चाचणी सक्तीची आहे. तिच्यात खोक्याभोवती कसलेही आवरण नसताना परिणाम खोक्यातच राहतो हे दाखवावे लागते.

म्हणून ‘आमचा माल १.४ आहे’ हे वाक्य अपुरे आहे. ‘या खोक्यात, या मांडणीत, इतके नग असताना आमचा माल १.४ आहे’ हे पूर्ण वाक्य.

५. तर मग आतला ट्रे बदलला, किंवा एका खोक्यात ५० ऐवजी ६० नग भरले, तर चालेल का?

नाही, नव्याने मान्यता घेतल्याशिवाय नाही. प्रश्न ४ मधले कारण इथे जसेच्या तसे लागू होते. वर्गीकरणाच्या मान्यतापत्रात खोक्याचा प्रकार, आतले पॅकिंग, नगांची संख्या आणि बहुतेक वेळा निव्वळ स्फोटक वजन नोंदलेले असते. त्यातले एकही बदलले की मान्यतापत्र तुमच्या हातातल्या खोक्याबद्दल काही बोलत नाही.

चुका साध्या कारणांनी होतात. पुरवठादाराकडे जाड पुठ्ठ्याचे विभाजक संपले म्हणून पातळ आले. खरेदी विभागाने ‘त्याच मापाचा’ पण दुसऱ्या कंपनीचा खोका घेतला. शेवटच्या खोक्यात उरलेले आठ नग कागदात गुंडाळून कोपऱ्यात सारले. यातला प्रत्येक बदल बाहेरून दिसत नाही, आणि आत तो स्फोटाला एका नगाकडून दुसऱ्याकडे जायला वाट करून देतो. उरलेल्या नगांसाठी वेगळा खोका घ्या. त्यातल्या रिकाम्या जागा मान्य असलेल्या भरावाने भरा.

६. पॅकिंग सूचना म्हणजे काय आणि ती वाचायची कशी?

धोकादायक मालाच्या यादीत प्रत्येक यूएन क्रमांकासमोर पॅकिंग सूचनेचा क्रमांक असतो. स्फोटकांच्या सूचना बहुतेक पी ११० ते पी १४४ या क्रमांकांत येतात: डेटोनेटरसाठी पी १३१, आतषबाजीसाठी पी १३५, आकार दिलेल्या चार्जसाठी पी १३७, डेटोनेटिंग कॉर्डसाठी पी १३९.

सूचनेत तीन रकाने असतात: आतले पॅकिंग, मधले पॅकिंग, बाहेरचे पॅकिंग. मधल्या रकान्यात ‘आवश्यक नाही’ असे असेल तर ते वगळता येते. उदाहरणार्थ पी १३५ मध्ये आत कागदी किंवा प्लास्टिक पिशव्या, पुठ्ठा-धातू-प्लास्टिक-लाकडाचे डबे किंवा कागद-प्लास्टिकचे पत्रे चालतात. मधल्या थराची गरज नाही. बाहेर ठरावीक प्रकारचे खोके किंवा ड्रम लागतात. रकान्यांच्या खाली पीपी ने सुरू होणाऱ्या विशेष अटी असतात आणि तिथेच लोक घसरतात. पी १३१ मधली पीपी ६८ सांगते की ००२९, ०२६७, ०४५५ या तिन्हींसाठी पिशव्या आणि रिळे आतले पॅकिंग म्हणून वापरायची नाहीत. वरच्या रकान्यात पिशवी लिहिलेली आहे म्हणून ती घेतली आणि खालची अट वाचली नाही, असे वारंवार होते. सूचना खालून वर वाचण्याची सवय लावली तर ही चूक टळते.

७. खोक्यावर छापलेली ‘४जी/वाय…’ ही ओळ काय सांगते?

समजा ओळ अशी आहे: ४जी / वाय १४५ / एस / वर्ष / देश / निर्मात्याची खूण.

४ म्हणजे खोका, जी म्हणजे पुठ्ठा. ४ए पोलादी, ४बी ॲल्युमिनियमचा, ४सी१ साध्या लाकडाचा, ४डी प्लायवूडचा, ४एच२ घन प्लास्टिकचा. वाय म्हणजे पॅकिंग गट २ च्या (मध्यम धोक्याच्या मालासाठीच्या) कसोटीला उतरलेला. १४५ म्हणजे मालासकट एकूण वजन १४५ किलोपेक्षा जास्त नसावे. एस म्हणजे घन पदार्थांसाठी किंवा आतल्या पॅकिंगसह वापरण्यासाठी. पुढे बनवल्याचे वर्ष, मान्यता देणाऱ्या देशाची खूण आणि निर्मात्याची ओळख. सुरुवातीला वर्तुळात ‘यू’ आणि ‘एन’ असते. ही खूण नसलेला खोका कितीही जाड असला तरी या कामाला चालत नाही.

इथला एस आणि १.४ एस मधला एस यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. नवीन माणूस यात हमखास गोंधळतो.

८. स्फोटकांना वाय दर्जाच का? एक्स दर्जा जास्त मजबूत असतो ना?

नियमानुसार वर्ग १ च्या मालासाठी पॅकिंग गट २ चा दर्जा लागतो, म्हणजे वाय. एक्स हा गट १ चा दर्जा. पडण्याच्या चाचणीत तो १.८ मीटरवरून तपासतात, वाय १.२ मीटरवरून आणि झेड ०.८ मीटरवरून. झेड स्फोटकांना चालत नाही.

‘जितके मजबूत तितके सुरक्षित’ हा समज मात्र इथे घातक ठरू शकतो. पेटलेल्या स्फोटकाला वायू बाहेर टाकायला वाट मिळाली तर ते बहुधा जळून जाते. तेच जाड, घट्ट बंद धातूच्या भांड्यात पेटले तर आतला दाब वाढतो, ज्वलनाचा वेग वाढतो आणि साध्या ज्वलनाचे रूपांतर स्फोटात होऊ शकते. शिवाय भांडेच फुटून तुकड्यांच्या रूपाने उडते. म्हणून ‘जास्तीची सुरक्षा’ म्हणून खोके पोलादी पेटीत बंद करून वेल्डिंग करणे किंवा जाड नळीत भरणे हा मुळीच मार्ग नाही. पॅकिंगने माल सांभाळायचा असतो, दाब कोंडायचा नसतो.

९. खोक्याची चाचणी नेमकी कशी होते? पुठ्ठा खरेच टिकतो का?

टिकतो, जोवर तो कोरडा आणि ठरल्या पद्धतीने बंद केलेला असतो. पुठ्ठ्याचे खोके चाचणीआधी ठरावीक तापमान व आर्द्रतेत (सामान्यतः २३ अंश सेल्सियस आणि ५० टक्के) किमान २४ तास ठेवतात. मग पाच खोके पाच प्रकारे टाकतात: तळावर, वरच्या बाजूवर, लांब बाजूवर, आखूड बाजूवर आणि एका कोपऱ्यावर. इतर मालाच्या चाचणीत किंचित गळती कधी माफ असते. स्फोटकांच्या बाबतीत सुटे द्रव्य किंवा वस्तू बाहेर पडेल अशी एकही फट चालत नाही. पुठ्ठ्याची पाणी शोषण्याची चाचणीही असते: ३० मिनिटांत दर चौरस मीटरला १५५ ग्रॅमपेक्षा जास्त पाणी त्याने शोषू नये.

थप्पीची चाचणी ३ मीटर उंचीच्या हिशेबाने २४ तास करतात. खोका ३० सेंटिमीटर उंच आणि भरलेला १२ किलोचा असेल तर ३ मीटरमध्ये दहा खोके येतात. म्हणजे सर्वांत खालच्यावर नऊ खोक्यांचा, १०८ किलोचा भार पडतो. दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद खूप कमी होते, म्हणून ओलसर गोदामात किंवा लांबच्या सागरी प्रवासात ३ मीटरची मर्यादा गाठायला जाऊ नका.

१०. खोका बंद करताना टेप, स्टेपल, खिळे यांपैकी काय चालते?

जे खोक्याच्या निर्मात्याने बंद करण्याच्या सूचनेत लिहिले आहे तेच. खोका ज्या टेपने, जितक्या रुंदीच्या, जितक्या पट्ट्यांनी बंद करून टाकला गेला, त्याच पद्धतीवर खूण मिळालेली असते. अरुंद टेप किंवा मधल्या शिवणीवर एकच पट्टी लावली तर कोपऱ्यावर पडलेला खोका उघडतो. सूचना मिळाली नसेल तर निर्मात्याकडून मागून घ्या, ती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

खिळे, स्टेपल आणि संरक्षक आवरण नसलेली इतर धातूची बंद करण्याची साधने बाहेरच्या पॅकिंगच्या आत घुसता कामा नयेत. अपवाद एवढाच की आतले पॅकिंग स्फोटकाला धातूच्या स्पर्शापासून पुरेसे वाचवत असेल. लाकडी पेटीत खिळा वाकडा जाऊन आत टोक निघाले, तर ते टोक प्रवासभर नगावर घासत राहते.

आंतरराष्ट्रीय वाहतुकीत घन लाकडाच्या पेटीला कीडनियंत्रणाच्या प्रक्रियेची खूणही लागते. उष्णता देण्याच्या पद्धतीत लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे ठेवतात. हे माल भरण्याआधीच, रिकाम्या पेटीवर करून घ्या.

११. प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, बबल रॅप वापरता येते का?

पॅकिंग सूचनेत प्लास्टिक असेल तर येते, पण एका अटीवर: त्यावर स्फोटकाला सुरू करू शकेल इतकी स्थिर वीज तयार होता किंवा साठता कामा नये. डेटोनेटर आणि विजेने पेटणाऱ्या इतर नगांसाठी ही अट जीवनमरणाची आहे. कोरड्या हवेत साध्या पॉलिथिनवर हाताच्या घर्षणानेही मोठा विद्युतभार जमतो.

स्थिरवीजरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या गुलाबी पिशव्यांचा गुण बहुधा पृष्ठभागावर येणाऱ्या रसायनामुळे असतो. ते रसायन हवेतली ओल धरते आणि काळानुसार कमी होते. जुना साठा किंवा अतिकोरडी हवा असेल तर रंग गुलाबी राहतो, गुण राहत नाही. पिशव्यांच्या गठ्ठ्यावर तारीख लिहा आणि मोजून खात्री करा.

१२. धातूच्या पेटीत माल ठेवला तर आत अस्तर का लागते?

उघडे द्रव्य, किंवा आवरण नसलेल्या वा अर्धवट आवरण असलेल्या वस्तूतले द्रव्य, धातूच्या आतल्या पृष्ठभागाला लागण्याची शक्यता असेल तर अस्तर किंवा लेप सक्तीचा आहे. एक कारण घर्षण आणि ठिणगी. दुसरे रासायनिक: काही स्फोटके काही धातूंशी मिळून जास्त संवेदनशील क्षार बनवतात. लेड अझाइड आणि तांबे यांची जोडी त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. वस्तूंचे धातूचे भागही धातूच्या पेटीला लागू देऊ नयेत. धातूच्या ड्रमच्या झाकणाला योग्य गॅस्केट हवे. झाकण आट्यांचे असेल तर आट्यांत द्रव्य शिरू नये, कारण झाकण फिरवताना तिथे चिरडले गेलेले कणही पुरेसे असतात.

१३. विजेचे डेटोनेटर पॅक करताना वेगळे काय पाहायचे?

चार गोष्टी. तारांची दोन्ही टोके एकमेकांना जोडलेली हवीत, म्हणजे बाहेरून आलेला प्रवाह डेटोनेटरमधून जात नाही. तारांची गुंडाळी डेटोनेटरच्या नळीवर ताण देणारी नको. नळ्यांची टोके एकमेकांवर आपटू नयेत. आणि रेडिओ लहरी व भटक्या विद्युतप्रवाहांपासून संरक्षण हवे, म्हणून भरण्याच्या जागी वायरलेस यंत्रे आणि मोबाइल फोन नकोत.

पाठवण्याआधी प्रत्येक नग तपासायचा म्हणून जोडलेल्या तारा सोडवून पुन्हा जोडण्याची सवय काही ठिकाणी असते. गरज नसेल तर ती टाळा. तपासणी निर्मितीच्या टप्प्यावर, आडोशाआड व्हायला हवी. इलेक्ट्रॉनिक, प्रोग्रॅम करता येणाऱ्या डेटोनेटरसाठी आता वेगळे क्रमांक आहेत: ०५११, ०५१२, ०५१३. त्यांना विजेच्या डेटोनेटरच्या ००३०, ०२५५, ०४५६ या क्रमांकांखाली पाठवू नका.

१४. डेटोनेटिंग कॉर्ड आणि सुरक्षा वात यांची टोके बंद करणे खरेच गरजेचे आहे का?

कॉर्डसाठी होय. कापलेल्या टोकातून गाभ्यातली स्फोटक भुकटी सांडते आणि खोक्याच्या तळाशी साचते. तिच्यावर कॉर्ड घासते. म्हणून टोके पक्क्या बसवलेल्या बुचासारख्या साधनाने बंद करावीत आणि लवचिक कॉर्डची टोके बांधून ठेवावीत. ००६५ आणि ०२८९ या कॉर्ड वेटोळ्यांत असतील तर आतल्या पॅकिंगची गरज नसते. सुरक्षा वातीची (०१०५) टोके बंद असतील तर तिलाही आतल्या पॅकिंगची सूट मिळते. म्हणजे टोके उघडी ठेवली तर ही सूटही जाते.

१५. आकार दिलेले चार्ज कोणत्या दिशेने ठेवायचे?

या चार्जच्या पुढे शंकूसारखी पोकळी असते आणि स्फोटाचा झोत तिच्या दिशेने जातो. एकेक पॅक केले तर पोकळी खाली आणि खोक्यावर वरच्या दिशेचे बाण. जोडीने पॅक केले तर पोकळ्या समोरासमोर, म्हणजे एक चुकून उडाला तर झोताचा जोर कमीत कमी बाहेर जातो. खोका उलटा ठेवला तर ही सगळी मांडणी निरुपयोगी होते. त्यामुळे इथले बाण शोभेचे नाहीत, हे माल चढवणाऱ्यांना आधी सांगा.

१६. आतषबाजीच्या प्रत्येक प्रकाराची चाचणी करावी लागते का?

नाही. चाचणी न करता वर्गीकरण करता यावे म्हणून नमुना नियमांत एक ठरावीक तक्ता आहे, पण तो सावधपणाच्या बाजूने झुकलेला आहे. १८० मिलिमीटर आणि त्याहून मोठा, आकाशात फुटणारा गोळा १.१ जी. त्याहून लहान गोळ्यात फ्लॅश मिश्रण (झगझगाट आणि मोठा आवाज करणारी दारू) सुट्या भुकटीच्या रूपात किंवा आवाजासाठी २५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरी १.१ जी. २५ टक्के किंवा कमी असेल तर १.३ जी. ५० मिलिमीटरपर्यंतचा किंवा ६० ग्रॅमपर्यंत मिश्रणाचा, आणि फ्लॅश मिश्रण २ टक्क्यांपर्यंतच असलेला गोळा १.४ जी. पर्क्लोरेटवर आधारित फुलबाजीत तर एका पुड्यात किती नग यावरही उपवर्ग बदलतो: नगात ५ ग्रॅमपेक्षा जास्त मिश्रण किंवा पुड्यात दहापेक्षा जास्त नग असतील तर १.३ जी. प्रश्न ४ मधले तत्त्व इथे साध्या फुलबाजीतही दिसते.

तक्त्यापेक्षा सौम्य वर्ग हवा असेल तर मालिका ६ च्या चाचण्या करून प्राधिकाऱ्याकडे जावे लागते. नुसते लेबल बदलून काम भागत नाही. १३ मे २००० रोजी नेदरलँड्समधील एन्स्खेडे शहरात आतषबाजीच्या गोदामाचा स्फोट होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. तिथे साठवलेला बराच माल त्यावरच्या वर्गीकरणापेक्षा जास्त धोकादायक होता, असे तपासात पुढे आले. खोक्यावरचा आकडा वाचूनच अग्निशमन दलाचे लोक किती जवळ जायचे ते ठरवतात.

१७. वेगवेगळ्या स्फोटक वस्तू एका खोक्यात किंवा एका गाडीत ठेवता येतात का?

एका खोक्याचे नियम गाडीच्या नियमांपेक्षा कडक असतात. तुमच्या वाहतूक प्रकाराच्या नियमांत आणि मान्यतापत्रात स्पष्ट परवानगी नसेल तर एका खोक्यात एकच यूएन क्रमांक ठेवा.

गाडीत सी, डी आणि ई हे गट एकत्र जाऊ शकतात. एस गट ए आणि एल सोडून बाकी सगळ्यांसोबत जाऊ शकतो. एल गटातला माल फक्त त्याच जातीच्या मालासोबत. वेगवेगळे उपवर्ग एकत्र आले तर सगळा माल सर्वांत धोकादायक उपवर्गाचा धरायचा, आणि तो क्रम आकड्यांच्या क्रमाने नाही: १.१, १.५, १.२, १.३, १.६, १.४. एक खास अपवाद: १.५ डी आणि १.२ एकत्र आले तर सगळा माल १.१ धरतात. डेटोनेटर (बी) आणि मुख्य स्फोटके (डी) एका गाडीत न्यायची तर प्राधिकाऱ्याने मान्य केलेली, स्फोट एकीकडून दुसरीकडे जाऊ न देणारी कप्प्यांची किंवा पेट्यांची व्यवस्था लागते.

१८. लेबलवर काय असावे? १.४ वर बॉम्बचे चित्र का नसते?

नारिंगी रंगाचे, शिरोबिंदूवर उभे, प्रत्येक बाजू किमान १०० मिलिमीटर असलेले लेबल. १.१, १.२, १.३ वर फुटणाऱ्या बॉम्बचे चित्र, खाली उपवर्ग आणि गट. १.४, १.५, १.६ वर चित्राऐवजी उपवर्गाचा मोठा आकडा आणि गटाचे अक्षर. खालच्या कोपऱ्यात सगळ्यांवर वर्गाचा १. शिवाय खोक्यावर यूएन क्रमांक आणि मालाचे अधिकृत नाव. क्रमांकाची अक्षरे साधारणपणे किमान १२ मिलिमीटर उंच, ३० किलोपर्यंतच्या खोक्यांवर ६ मिलिमीटर चालतात. व्यापारी नाव हे अधिकृत नावाची जागा घेऊ शकत नाही.

१९. खोके पॅलेटवर ठेवून प्लास्टिक गुंडाळले तर लेबले पुन्हा लावायची का?

आतली सगळी लेबले आणि खुणा बाहेरून दिसत असतील तर नाही. नसतील तर ती बाहेर पुन्हा लावा आणि ‘ओव्हरपॅक’ हा शब्द रोमन अक्षरांत, किमान १२ मिलिमीटर उंचीत लिहा. गुंडाळताना प्लास्टिकवर स्थिर वीज जमते. विजेने पेटणाऱ्या वस्तूंसाठी प्रश्न ११ पाहा.

२०. कागदपत्रात कोणते वजन लिहायचे?

निव्वळ स्फोटक वजन, म्हणजे आवरण, नळ्या, पुठ्ठा वगळून फक्त स्फोटक द्रव्याचे. एका खोक्यात २४ नग, प्रत्येकात ५० ग्रॅम मिश्रण, भरलेला खोका ४.५ किलो. असे २० खोके असतील तर एकूण वजन ९० किलो, पण निव्वळ स्फोटक वजन २४ किलो. गाडीची मर्यादा बहुतेक ठिकाणी या दुसऱ्या आकड्यावर ठरते.

२१. बंदुकीची काडतुसे ‘मर्यादित प्रमाण’ म्हणून पाठवता येतात का? विमानात सोबत नेता येतात का?

मर्यादित प्रमाण म्हणजे थोड्या-थोड्या प्रमाणात पॅक केलेल्या मालाला बऱ्याच नियमांतून मिळणारी सूट. वर्ग १ मध्ये ही सवलत जवळजवळ कोणालाच नाही. ००१२, ००१४ आणि ००५५ या १.४ एस क्रमांकांना रस्त्याने आणि समुद्राने ती मिळते: आतल्या पॅकिंगमध्ये ५ किलोपर्यंत, पूर्ण खोका ३० किलोपर्यंत. अट अशी की पाठवायचा खोका ६(ड) चाचणीला उतरणारा असावा.

प्रवाशाला ००१२ आणि ००१४ ची काडतुसे स्वतःच्या वापरासाठी, विमान कंपनीच्या परवानगीने, फक्त नोंदवलेल्या सामानात, माणशी ५ किलो एकूण वजनापर्यंत नेता येतात. दोघांचे मिळून १० किलो एका पेटीत ठेवता येत नाही. स्फोटक किंवा आग लावणाऱ्या गोळ्या असतील तर मुळीच नाही.

मालवाहू हवाई वाहतुकीबद्दल थोडक्यात: प्रवासी विमानात सामान्यतः १.४ एस एवढेच. मालवाहू विमानात १.३ सी, १.३ जी आणि १.४ चे काही गट, तेही प्रत्येक क्रमांकाची नोंद तपासून.

२२. एअरबॅगचे भाग स्फोटक मानायचे का?

चाचणीवर अवलंबून आहे. काही ०५०३ खाली १.४ जी म्हणून जातात. आगीच्या चाचणीत आवरण फुटले नाही, स्फोट झाला नाही आणि फेकीचा धोका दिसला नाही, तर विजेने सुरू होणारी सुरक्षा उपकरणे ३२६८ या क्रमांकाने वर्ग ९ (संकीर्ण धोकादायक माल) मध्ये येऊ शकतात. वाहनात किंवा स्टीअरिंग, दार, आसन अशा पूर्ण भागात बसवलेली असतील तर सामान्यतः या नियमांच्या बाहेर राहतात. भंगारातून सुटी काढलेली मात्र पुन्हा नियमांत येतात.

२३. खूप मोठ्या वस्तूला बसेल असा मान्य खोकाच मिळत नाही. काय करायचे?

मोठ्या, भक्कम, सहसा लष्करी वापराच्या वस्तू त्यांच्या सुरू करणाऱ्या साधनाशिवाय, किंवा त्या साधनात किमान दोन प्रभावी सुरक्षा व्यवस्था असतील तर, पॅकिंगशिवाय पाळण्यासारख्या आधारावर अथवा जाळीच्या पेटीत नेता येतात. त्यांतल्या प्रणोदकाची प्रज्वलन व्यवस्था प्रवासात सुरू होणार नाही अशी सुरक्षित केलेली हवी. बाकी मालासाठी पी १०१ हा मार्ग आहे: सक्षम प्राधिकाऱ्याने मान्य केलेले कोणतेही पॅकिंग. ते वापरले तर मान्यता देणाऱ्या देशाची खूण कागदपत्रात नोंदवावी लागते.

२४. रिकामे खोके पुन्हा वापरता येतात का?

आत अवशेष उरले असतील तर रिकामा खोकाही भरलेल्यासारखाच मानतात. पुन्हा वापरण्याआधी प्रत्येक खोका तपासा: चिंबलेले कोपरे, ओलाव्याचे डाग, जुन्या टेपने सोलला गेलेला पुठ्ठा, सैल झालेले विभाजक. एकही दोष दिसला तर तो बाद. दुसऱ्या मालासाठी वापरायचा असेल तर जुनी लेबले पूर्ण काढा, नुसती मार्करने रेघ ओढू नका.

२५. वाटेत खोका भिजला किंवा फुटला तर टेप लावून पुढे नेता येईल का?

नाही. फुटलेल्या खोक्याला टेप लावली की बाहेरून तो मान्य खोक्यासारखा दिसतो, आणि आत काय सांडले, काय सरकले हे कोणालाच कळत नाही. हालचाल थांबवा. आजूबाजूचे पेटते दिवे, इंजिने आणि फोन बंद करा, लोकांना दूर करा, आणि पाठवणाऱ्याला व प्राधिकाऱ्याला कळवा. सांडलेली भुकटी झाडूने लोटू नका, खोका ओढू नका, उघडून पाहू नका. पुन्हा पॅक करण्याचे काम त्या मालाचे प्रशिक्षण असलेल्या माणसांनी, मूळ मान्यतेतल्याच खोक्यात आणि मांडणीत करायचे असते. भिजलेला माल वाळल्यावर ‘बरा झाला’ असेही धरू नका. पाण्याने रचना बदललेला नग परत पाठवायचा की तिथेच नष्ट करायचा, हे निर्माता आणि प्राधिकारी ठरवतात. तोवर तो खोका आहे तिथेच, पहाऱ्यात राहू द्या.